वारा पडला की सुकाणू बाईकडे

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी शिडाच्या होड्यांची शर्यत पाहायला गेले होते. गटाच्या बैठकीला का आली नाहीस, असं एका मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावून आले आहे. तिचं काही चुकलं नाही. शिडाच्या होड्या म्हणजे क्लब, क्लब म्हणजे पैसेवाले, आणि पैसेवाल्यांच्या रविवारशी आपल्याला काय करायचं आहे? मलाही वीस वर्षांपूर्वी हेच वाटलं असतं. पण त्या दिवशी पाण्यावर जे पाहिलं, ते आपल्या संघटनांमध्ये, ग्रामपंचायतींत, ऑफिसांत आणि घरांतही मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची नोकरी करते. तीन हंगामांपासून ती रविवारी एका चौघांच्या होडीवर जाते. होडी तिची नाही, क्लबाची सभासदही ती नाही. होडीवर माणसं लागतात, म्हणून तिला घेतलं. तिचं काम पुढच्या शिडाचं. ते ओढायचं, सोडायचं, आणि होडी वळली की वाकून पलीकडच्या बाजूला जायचं. सुकाणू धरणारे गृहस्थ जुने, अनुभवी. स्वभावाने वाईट नाहीत. भाचीने दोन-तीनदा विचारलं, की मला कधी सुकाणू धरू द्याल का? उत्तर ठरलेलं. "जोराच्या वाऱ्यात तुला झेपणार नाही."

त्या रविवारी सकाळीच वाऱ्याची लक्षणं ठीक नव्हती. मुंबईच्या बंदरात हिवाळ्या-उन्हाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, तेच. रात्री जमीन थंड होते, म्हणून पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो. उन्हं चढली, जमीन तापली, की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. मधल्या वेळात, एक थकलेला आणि दुसरा अजून उठायचा, अशा तास-दोन तासांत पाणी आरशासारखं होतं. होड्या त्यात सापडल्या, की जागच्या जागी उभ्या.

त्या दिवशी सुकाणूवाले गृहस्थ आकाशाकडे बघून म्हणाले, "आज काही वारा नाही. आज तू घे सुकाणू."

भाचीला आनंद झाला. मलाही झाला. त्या वाक्यात काय आहे, ते आमच्या लक्षात यायला दुपार उजाडावी लागली.

आम्ही काही जण, म्हणजे होडीवर असलेल्यांचे नातेवाईक, एका लाँचमधून शर्यत बघत होतो. शर्यत बघणं मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे. सगळ्या होड्या एकाच दिशेने जात नाहीत. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जाऊच शकत नाही, तिरकी तिरकी जाऊन वर चढते. त्यामुळे पुढे कोण आणि मागे कोण, हे नवख्या माणसाला कळत नाही. आणि वारा पडला, की काहीच घडत नाहीये असं वाटतं. लाँचमधले एक काका पेपर उघडून बसले. मी मात्र भाचीने आधी सांगून ठेवलेलं आठवत बघत राहिले, म्हणून मला घडत असलेलं थोडंफार दिसलं.

मंद वाऱ्यात पहिली गोष्ट म्हणजे हलायचं नाही. जोराच्या वाऱ्यात सगळे जण वरच्या कडेला ओळीने बसून अंगाच्या वजनाने होडी सरळ धरतात. मंद वाऱ्यात याच्या उलट. वारा जिकडे जातो त्या खालच्या बाजूला जाऊन बसायचं, म्हणजे होडी किंचित कलते आणि लोंबणारं शीड आपल्या वजनाने आकार धरतं. उठायचं तर मांजरीसारखं. कुणी धपकन पाय टाकला, की शिडात जमलेला चिमूटभर वारा सांडून जातो. दोर ताणून धरायचे नाहीत, सैल ठेवायचे. सुकाणू दोन बोटांनी धरायचं. ते जोरात फिरवलं तर पाण्यात आडवं येऊन ब्रेकचं काम करतं. आणि डोळे सतत पाण्यावर. जिथे बारीक सुरकुत्या पडून पाणी काळपट दिसतं, तिथे वारा आहे. लांबच्या जहाजाचा धूर कुठे झुकतो, निशाण कधी हलतं, हेही पाहायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे या वेळी फसवणुकीचा मोह फार होतो. शर्यतीचा नियम असा, की होडी फक्त वाऱ्याने आणि पाण्याने चालली पाहिजे. वल्हं मारायचं नाही, अंग झुलवून होडी डोलवायची नाही, शीड पंख्यासारखं हलवत राहायचं नाही. मोठ्या शर्यतींत पंच मोटारबोटीतून फिरतात आणि कुणी तसं केलं की शिट्टी वाजवून पिवळं निशाण दाखवतात. शिक्षा म्हणून होडीला जागच्या जागी दोन गिरक्या घ्याव्या लागतात. वारा असताना कुणाला हे सुचत नाही. वारा पडला की भल्याभल्यांची अंगं आपोआप डोलायला लागतात.

तिसरी गोष्ट ओहोटी. बारा वाजायच्या सुमाराला वारा पुरता मेला, आणि पाणी मात्र वाहतच होतं, बंदरातून बाहेर, समुद्राकडे. सगळ्या होड्यांची तोंडं पुढच्या बोयाकडे आणि होड्या मात्र सावकाश मागे. शिडं वर, माणसं बसलेली, सगळं शर्यतीसारखं, आणि सगळे जण मिळून मागे चालले होते. चळवळीत काही वर्षं अशी आली होती, हे मला तिथेच आठवलं. बॅनर वर, बैठका चालू, अहवाल निघत होते, आणि आपण मात्र प्रवाहाबरोबर मागे.

भाचीने काय केलं असेल? तिने नांगर टाकला.

लाँचमध्ये हशा पिकला. शर्यतीत नांगर! पण हे नियमात बसतं. नांगर टाकलेला चालतो, पुढे निघताना तो पुन्हा वर घ्यायचा एवढंच. भाचीने बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांकडे पाहिलं होतं. नांगरलेलं जहाज प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं, त्यावरून पाणी कुठे आणि किती ओढतं आहे ते कळतं. तिची होडी जागेवर थांबली. बाकीच्या एकेक करत तिच्यामागे गेल्या. एक बोटही पुढे न सरकता ती आठवीची तिसरी झाली.

मग पाऊण-एक तासाने कुलाब्याच्या बाजूचं पाणी काळं पडायला लागलं. खारा वारा येत होता. तो भाचीला आधी दिसला. नांगर वर आला, होडी कलली, शिडं भरली, आणि होडीखालून पाण्याचा आवाज यायला लागला. लाँचमधल्या काकांनी पेपर मिटला.

आणि त्याच क्षणी सुकाणूवाले गृहस्थ मागे सरकले आणि हात पुढे करून म्हणाले, "आता दे."

आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत. हात दिसला. भाचीने सुकाणू दिलं आणि ती वाकून पुढच्या शिडाकडे गेली. होडी दुसरी आली. किनाऱ्यावर सगळ्यांनी त्या गृहस्थांशी हात मिळवले. ते मोठ्या मनाने म्हणाले, "आज पोरीने चांगला धीर धरला."

परतताना लोकलमध्ये मी भाचीला विचारलं, "का दिलंस गं?" ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, त्यांनी हात पुढे केला ना, म्हणून. विचार करायच्या आधीच दिलं गेलं."

या प्रसंगाला मी फार मोठा अन्याय म्हणत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज याहून कठीण गोष्टींना तोंड देत आहेत. पण त्याची घडण ओळखीची आहे. वारा नाही तोवर जबाबदारी बाईची. वारा सुटला की "आता दे."

1993 मध्ये 73वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. त्यानंतर आपण गावोगाव शिबिरं घेतली. तिथे सरपंच बायांनी काय सांगितलं ते आठवा. पाण्याचा टँकर, शाळेचं गळकं छप्पर, थकलेली पट्टी, ही कामं बाईकडे. निधी आला, रस्त्याचं काम निघालं, की सही तेवढी तिची आणि बाकी सगळं नवऱ्याकडे किंवा दिराकडे. संस्थांमध्येही हेच दिसतं. मंडळ डबघाईला आलं की "आता एखाद्या ताईंना अध्यक्ष करू या". दोन वर्षं ताई झिजतात, हिशेब लावतात, भांडणं मिटवतात. बरे दिवस आले की नवा अध्यक्ष.

यात आणखी एक मेख आहे. "पोरीने धीर धरला." बायकांना धीर असतोच, बायकांचा हात हलकाच असतो, बायका शांत बसू शकतातच. अशी स्तुती झाली की सावध व्हायला हवं. जे तीन हंगाम बघून, विचारून, चुका करून शिकलेलं कौशल्य होतं, ते या एका वाक्याने निसर्गाची देणगी झालं. आणि निसर्गाच्या देणगीला मजुरी नसते, बढती नसते आणि सुकाणूही नसतं. कापसाच्या वेचणीपासून दवाखान्यातल्या शुश्रूषेपर्यंत आपण हे भोगलेलं आहे.

शिडाच्या शर्यतींचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत दिसते. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शर्यती सीन नदीवर झाल्या. पहिल्या खुल्या शर्यतीत वारा इतका मंद होता, की बहुतेक होड्या वेळेत पोचल्याच नाहीत. पण त्याच स्पर्धेत, दोनच दिवसांनी, एलेन द पोर्तालेस ही बाई विजयी होडीवर होती. होडी नवऱ्याची, सोबत नवरा आणि त्याचा पुतण्या. ऑलिंपिक जिंकणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव आज घेतात. पण बायकांसाठी वेगळी शिडाची शर्यत ऑलिंपिकमध्ये यायला 1988 चं सोल उजाडावं लागलं. तोवर खुल्या शर्यतीत बाईला मनाई नव्हती. फक्त तिला होडीवर घ्यायला कुणीतरी हवं होतं.

आणि घेतलं तर कोणत्या कामाला? ब्रिटनच्या ट्रेसी एडवर्ड्सला 1985-86 च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत जागा मिळाली ती स्वयंपाकिणीची. पुढच्या शर्यतीसाठी तिने घर गहाण ठेवून जुनी होडी घेतली, ती दुरुस्त केली, आणि 1989-90 मध्ये बारा बायकांनी 'मेडन' जगभर फिरवून आणली. सहापैकी दोन टप्पे आपल्या गटात त्यांनी जिंकले.

मला जास्त विचारात टाकते ती 1995 ची गोष्ट. अमेरिकेत सॅन डिएगोच्या समुद्रावर 'अमेरिका कप'साठी अमेरिकेची होडी कोणती, याची निवड चालली होती. 1851 पासून चाललेल्या या शर्यतीत बायका अधूनमधून असायच्या, त्या बहुधा मालकाच्या पत्नी म्हणून, घड्याळ धरून वेळ सांगायला. 1995 मध्ये एका श्रीमंत गृहस्थाने पहिल्यांदाच सगळ्या बायकांचा संघ उभा केला. त्यात ऑलिंपिकच्या वल्हेकरी होत्या, शरीरसौष्ठवपटू होत्या, 'मेडन'वरची डॉन रायली होती. शेकडो जणींनी अर्ज केले होते. चर्चा एकाच गोष्टीची, बायकांच्या दंडात ताकद आहे का? दोर ओढायची अवजड चाकं त्यांना फिरवता येतील का?

चाकं त्यांनी फिरवली. पण निवडीच्या मध्यावरच, डावपेच ठरवायच्या जागेवरून जे. जे. आयलर या ऑलिंपिक पदकविजेतीला काढून तिथे एक पुरुष आणला गेला. दंडाबद्दलची शंका खोटी ठरत होती, तोवर डोक्याबद्दलची शंका पुढे आली. एप्रिलअखेरीस निर्णायक शर्यतीत बायकांची 'मायटी मेरी' शेवटच्या बोयाला चार मिनिटांहून जास्त पुढे होती. राहिला होता एकच टप्पा. तिथे वारा पडला, फिरला, आणि मागून येणाऱ्या डेनिस कॉनरच्या होडीला दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक मिळाली. ती होडी एक मिनिटाच्या आत पुढे होऊन जिंकली.

त्या पुरुषाचा दोष होता असं मी म्हणणार नाही. मंद वाऱ्यात अशी उलथापालथ कुणाचीही होते. कॉनर तर पुढे न्यूझीलंडशी 0-5 ने हरला, पण पुरुषांना शिडाची होडी चालवता येत नाही असा निष्कर्ष कुणी काढला नाही. माझं म्हणणं एवढंच, की ताकदीचा सगळा वाद ज्या शर्यतीत गैरलागू होता, ती बायका हरल्या. आणि त्या शर्यतीत कुठे वळायचं हे ठरवायची जागा त्यांच्याकडे राहू दिलेली नव्हती. 'मायटी मेरी'ची चूक होऊ द्यायची होती तर ती त्यांची स्वतःची होऊ द्यायची होती. चुकण्याचा अधिकार हाही सुकाणूचाच भाग आहे.

तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलं. टोकियो ऑलिंपिक 2021 मध्ये झालं, त्यात चेन्नईची नेत्रा कुमनन एकटीच्या होडीच्या शर्यतीत उतरली. तिथे पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. 2024 च्या पॅरिसमध्ये शिडाच्या चार शर्यती बायकांच्या, चार पुरुषांच्या आणि दोन मिश्र होत्या. आपल्या गोव्याहून 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा जणी वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि 254 दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. त्याच 'तारिणी'वर 2 ऑक्टोबर 2024 ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि मे 2025 अखेर गोव्यात पोचल्या. ती शर्यत नव्हती, पण विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा, जिथे वारा पडून राहतो, तोही त्यात पार करावा लागतो. तिथे "आता दे" म्हणणारं कुणी नव्हतं. वारा पडला तेव्हाही सुकाणू त्यांचं आणि वादळ आलं तेव्हाही त्यांचंच.

आता सुरुवातीच्या मैत्रिणीचा प्रश्न. हा श्रीमंतांचा खेळ नाही का? आहे. त्याच बंदरात भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकवर कोळणी पहाटेपासून टोपल्या उचलतात. वारा, भांग, उधाण यांची भाषा त्यांच्या घरची आहे, आणि तरी होडीवर जायचं पुरुषांनी आणि मासळी विकायची बायकांनी, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांच्या मुलींना शिडाच्या होडीत कोण बसवणार, हा प्रश्न माझ्या भाचीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, आणि तो मला सुटलेला नाही. पण सुकाणू कुणाच्या हातात, हे विचारायला होडी कुणाची आहे यावर अडून राहायची गरज नाही. दोन्ही विचारता येतात.

मग करायचं काय? वारा पडलेला असताना सुकाणू नाकारायचं का? मुळीच नाही. तिथेच तर शिकायला मिळतं. मंद वाऱ्यात जो होडी चालवू शकतो, त्याला पाणी वाचता येतं. संघटना ओसरत असताना ज्या बाईने ती टिकवली, तिला संघटना कळलेली असते. प्रश्न पुढचा आहे. वारा सुटल्यावर हात पुढे येईल, तेव्हा काय? ते आधी ठरवायला हवं, पाण्यावर जायच्या आधी, किनाऱ्यावर, सगळ्यांसमक्ष. कारण हात पुढे आल्यावर ठरवायला वेळ नसतो. आपली सवय आपल्या विचारापेक्षा चपळ असते.

अध्यक्षपद स्वीकारताना मुदत लिहून घ्या. पडक्या काळातली जबाबदारी घेतलीत तर बऱ्या काळातलीही घेणार, हे तेव्हाच सांगा. आणि आपल्यातच एखादी तरुण मुलगी कठीण दिवसांत काम ओढत असेल, तर मोर्चाच्या दिवशी माइककडे जाणारा आपला हात कुठून येतो, तेही बघा. "आता दे" फक्त पुरुषच म्हणतात असं नाही.

भाचीने पुढच्या शनिवारी त्या गृहस्थांना फोन केला. तिने भांडण काढलं नाही. एवढंच विचारलं, "उद्या सुकाणू कुणाकडे? आणि ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ना?" ते थोडे अडखळले. मग म्हणाले, उद्या माझ्याकडे, त्यापुढच्या रविवारी तुझ्याकडे, वारा कसाही असो.

त्यापुढच्या रविवारी वारा चांगला चौदा-पंधरा नॉटचा होता. होडी सहावी आली. एका बोयाजवळ वळण चुकलं, भिजली सगळी, दंड दोन दिवस दुखत होते. फोनवर हे सांगताना तिचा आवाज इतका खुशीत होता, की त्या दुसऱ्या नंबराची तिने आठवणही काढली नाही.